रक्तातले गुलाबी ठिपके

लढाईच्या दिवसांत नगरला क्विनीन मिळवताना माझ्या नाकी नऊ यायचे, आणि पाथर्डीकडचा एक शेतकरी लेकीचा ताप जरा उतरला की गोळ्या बंद करायचा. मी तिचा डॉक्टर. शेवटी वैतागून त्याला सूक्ष्मदर्शकातून तिचं रक्तच दाखवलं.

"ही पेशी बघा. आत हिवतापाचा जंतू शिरलाय, म्हणून ती फुगलीय, तिच्यावर गुलाबी ठिपके उठलेत."

त्यानं पाहिलं आणि हातच जोडले. "ह्यो तर गोवर! आई आलीया."

त्याच्या लेखी गोवर म्हणजे देवीआईचं येणं, आणि तिला औषध चालत नाही! मी घसा बसेपर्यंत ओरडलो. त्यानं गोळ्यांची पुडी टेबलावर परत ठेवली आणि दारातल्या कडुलिंबाचा डहाळा तोडून घेतला.

"बरं झालं दावलंत, सायेब," तो म्हणाला. "न्हाईतर आमी गोळ्या देतच बसलो असतो."