पोहे की कण्या

ओट्सचं नाव काढलं तरी अजून माझं डोकं फिरतं. तीन महिने त्या ओट्सनी माझ्या नाकी नऊ आणले. त्यांचा तरी काय दोष म्हणा, ते काही स्वतःहून आमच्या कुरुळी गावात आले नव्हते. कंपनीच्या डॉक्टरांनी ते माझ्या स्वयंपाकघरात घुसवले.

माझे मिस्टर चाकणच्या एका कंपनीत क्रेन चालवतात. शेडच्या छताखालून फिरते ती मोठी क्रेन, टनाटनांच्या डाय, म्हणजे लोखंडी साचे, उचलून प्रेसवर ठेवणारी. बीडकडून आलो तेव्हा ते हेल्पर म्हणून लागले होते. क्रेनपर्यंत पोचायला अकरा वर्षं गेली. यंदाच्या तपासणीत त्यांची साखर वाढलेली निघाली आणि डॉक्टर म्हणाले, "तीन महिन्यांत खाली आली नाही तर क्रेनवरून उतरवावं लागेल. तुम्हाला वर चक्कर आली तर खाली माणसं असतात." घरी आले तेव्हा यांचं तोंड एवढंसं झालं होतं. गोळ्या होत्याच, शिवाय नाश्त्याला ओट्स. आणि वर बजावलेलं, स्टील कट घ्या, रोल्ड नको.

मला यातलं काही कळलं नाही. यांना मात्र लगेच कळलं. "रोल्ड म्हणजे रोलिंग मिलमधून दाबून काढलेला पत्रा. स्टील कट म्हणजे पातं मारून केलेले तुकडे. माल तोच, प्रोसेस वेगळी," असं मला समजावलं, जशी काही मीच उद्यापासून कंपनीत लागणार होते. मी विचारलं, त्यात लोखंडाचा कीस पडत नाही का? तेवढंच काय ते हसलो आम्ही.

दुकान आमच्या चाचांचं; सगळं गाव त्यांना चाचाच म्हणतं. कंपन्या यायच्या आधीपासून त्यांच्या घरचं किराणा दुकान गावात आहे. "व्हय ताई, ओट हायती की," म्हणून त्यांनी पाकीट काढून दिलं. मी विचारलं, स्टील कटच आहेत ना? चाचा म्हणाले, "मशीनवरच कापत्यात ना ताई? मग स्टीलनंच कापत असतील की." मला पटलं. आता आठवलं की स्वतःचीच कीव येते.

ते शिजायचे पाच मिनिटांत आणि वाटीत पडेपर्यंत त्यांची खळ व्हायची. मी कांदा घातला, गाजर घातलं, फोडणी दिली. खळ ती खळच. हे मुकाट्यानं गिळायचे आणि दहाच्या चहाला भूक लागली की कॅंटीनमध्ये वडापाव खायचे. घरी ताकास तूर लागू दिली नाही. महिन्यानं साखर तपासली, तर होती तिथेच. डॉक्टरांनी पाकिटाचा फोटो मागवला आणि म्हणाले, हे तर रोल्ड आहेत. संध्याकाळी हे मला म्हणाले, "मी कटिंग सांगितलं होतं, तू पत्रा आणलास." तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. महिनाभर चमच्यानं पत्रा खाताना तुमचे डोळे कुठे होते?

चाचांशी जाऊन भांडले. त्यांनी पिंपरीच्या मार्केटमधून दुसरं पाकीट मागवलं, माझ्यासमोर फोडलं आणि तळहातावर ओतलं. बोटानं दाणे चाळून बघितले. मग म्हणाले, "आवो ताई, ह्या तर कण्या हायती. आन् ते आदीचं होतं, ते पोहं."

कण्या म्हटल्यावर माझी पंचाईत झाली. कारण लग्नात यांनी हुंडा मागितला नव्हता, मानपान मागितला नव्हता, एकच गोष्ट मागितली होती: आपल्या घरात कण्या शिजणार नाहीत. लहानपणी यांच्या घरी ज्वारी पुरायची नाही, मग ती भरडून तिच्या कण्या भरपूर पाण्यात शिजवायच्या. मला स्वतःला ताकातल्या कण्या फार आवडतात. तरी बावीस वर्षं मी त्या केल्या नाहीत.

आता करायच्याच होत्या. लवकर शिजाव्यात म्हणून आधी मिक्सरमधून फिरवून बघितलं, त्याचं पीठ झालं. म्हणजे पुन्हा खळ. शेवटी संध्याकाळी भिजत घातल्या, पहाटे चारला उठून कुकरला लावल्या, कारण पावणेसहाला फाट्यावर कंपनीची बस येते. यांनी एक चमचा तोंडात घातला आणि थांबले.

"ह्या कण्या हैत."

"ओट्स आहेत. स्टील कट. तुमच्याच डॉक्टरांनी सांगितलेत."

"मला शिकवायलीस का?"

मग मात्र माझा तोल सुटला. "क्रेन तुमची जाणार आहे, माझी नाही! चारला उठते, चाचांशी भांडते, आणि वर तुमचं वाकडं तोंड बघते. खायचं तर खा, नाहीतर उतरा खाली!" बोलून गेले आणि लगेच वाईट वाटलं. त्यांनी वाटी खाली ठेवली. मला वाटलं, उठले आता. पण त्यांनी विचारलं, "तुला ठेवल्यात का?"

मी कुकरकडे पाहिलं. रिकामा होता. आणलेलं पाकीट यांना पुरावं म्हणून मी एकाच वाटीचं शिजवत होते.

"माय आम्हाला वाढायची," हे म्हणाले, "अन् म्हणायची, मला भूक न्हाई." इतक्या वर्षांत हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. मी समजत होते, यांना कण्यांची चव आवडत नाही. त्यांनी दुसरी वाटी घेतली, निम्म्या तिच्यात काढल्या आणि माझ्यासमोर सरकवल्या. मी रागातच खाल्ल्या. मीठ कमी होतं.

त्यानंतर रोज दोन वाट्या शिजल्या, माझ्या वाटीत ताक घालून. तिसऱ्या महिन्याअखेर साखर उतरली, फार नाही, पण डॉक्टरांनी क्रेनच्या कागदावर सही करण्याइतकी. त्या संध्याकाळी हे घरात आले तेव्हा मी दारातच विचारलं, काय म्हणाले डॉक्टर?

"विचारलं, नाश्त्याला काय खाता, रोल्ड का स्टील कट?"

"मग?"

"म्हटलं, कण्या. आम्ही दोघंबी खातो."