ढगाळ दिवसाची वाट

सरगर सर गेल्याची बातमी शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली, तेव्हा मी गॅसवर दूध ठेवलं होतं. झोपेतच हृदयविकाराचा झटका... दूध उतू गेलं आणि माझ्या तोंडून निघालं, "या माणसानं हेही अर्धवटच सोडलं!" त्याला आता महिना होऊन गेला. राग काही उतरत नाही.

आटपाडीच्या आमच्या हायस्कुलात ते विज्ञान शिकवायचे आणि मी गणित. आमचे वर्ग शेजारी-शेजारी. डिजिटल फळा आला तेव्हा सगळ्यांत खूश तेच. एकाहून एक व्हिडिओ शोधून दाखवले, पण पोरं जांभया द्यायला लागली. मला म्हणाले, "आवं मॅडम, ही फोन हातात घिऊनच जन्मल्यात. आपुन तोंड उघडायच्या आत उत्तर काढून बसत्यात. मग आपला उपेग काय?" मग त्यांनी नवंच खूळ काढलं. प्रश्न विचारायचा आणि उत्तर न देता वर्गाबाहेर निघून जायचं. फोनवर खुशाल शोधा, पण स्वतःच्या डोळ्यांनी पडताळल्याशिवाय वहीत काही उतरवायचं नाही. पुढे शेजारच्या वर्गात जो कालवा व्हायचा, त्यात माझी प्रमेयं पार वाहून जायची. पालक तक्रार घेऊन आले, "सर शिकवत न्हाईत, नुसतं इचारत्यात." पोर्शन संपला नाही तर नववी काढून घेऊ, असं मुख्याध्यापकांनी बजावलं. नववीचा वर्ग म्हणजे या माणसाचा जीव, पण ऐकेल तर शपथ! मी परोपरीनं म्हणायची, "सर, एकदाचं उत्तर सांगून मोकळे व्हा ना!" ते हसायचे. "सांगितलं की इसरत्यात, मॅडम." पालथ्या घड्यावर पाणी.

म्हसवडकडच्या मेंढपाळाच्या घरातला माणूस, त्यामुळे शेवटचा प्रश्नही मेंढरांचाच. भर दुपारी मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी का खुपसतात? कुणाचा फोन म्हणाला सावलीसाठी, कुणाचा म्हणाला नाकात शिरणाऱ्या माश्या चुकवायला. वर्गात भांडणं लागली आणि सर नेहमीसारखे बाहेर निघून गेले... दुसऱ्या दिवशी ते आलेच नाहीत.

शेवटी नववी माझ्याच गळ्यात पडली. पहिल्याच तासाला मी तो मेंढरांचा गुंता संपवायला निघाले. "सावलीसाठी. लिहून घ्या." एकानंही पेन उचललं नाही. मागच्या बाकावरची सोनाली उठली.

"मॅडम, सांगू नगा."

"का गं?"

"ऊन नसताना बी डोकी घालत्यात का, ते बघायचं हाय. तवाच कळंल, सावली का माश्या. ढगाळ दिवस यायला पायजे."

"आटपाडीत? आत्ता? कधी येणार तो?"

"थांबू की," ती म्हणाली. बाकीच्यांनी माना डोलावल्या. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओसुद्धा पुढे ढकलत बघणारी ही पोरं म्हणे थांबणार! मी फळ्याकडे वळले. मला रडू आलं, आणि त्याचाही सरांवरच राग आला.

आमच्या दुष्काळी भागात ढगाची वाट सगळेच बघतात. मेंढरांच्या डोक्यांपायी बघणारी बाई मात्र मीच पहिली असेन. रोज सकाळी शाळेच्या फाटकाशी थांबते, मान वर करते. आभाळ निरभ्र. "काय हो हे, सर..." म्हणत नववीत जाते. पोरं माझ्या तोंडाकडे बघतात, मी मानेनंच नाही म्हणते, आणि आम्ही पुढचा धडा उघडतो.