इडोनियाचा बाप

वायमंड छपरावरून कधी पडला नव्हता. लिंकनशायरच्या त्या दलदलीच्या मुलखात बोरूच्या काड्यांनी घरं शाकारताना चांगले चांगले घसरले, लंगडे झाले, पण वायमंडला साधं खरचटलंही नाही. गावाला त्याचं कौतुक होतं. त्याला स्वतःला जरा जास्तच.

गढीचे धनी वारले तेव्हा त्यांचा मुलगा फुल्क अगदी लहान होता. वयात न आलेल्या वारसाची जमीन राजाच्या ताब्यात जाते आणि राजा तिचं पालकपण विकतो. ते ज्याने विकत घेतलं त्याने ओकची राई तोडून विकून खाल्ली, गिरणीची दुरुस्ती केली नाही, आणि फुल्कला स्वतःच्याच गढीत पाहुण्यासारखं वाढवलं. आता पोरगा एकवीस वर्षांचा, म्हणजे जमीन परत मिळायच्या वयाचा झाला होता. पालक म्हणत होता, "छे, अजून दोन वर्षं आहेत." म्हणून राजाचा अमलदार येणार होता. गावातल्या बारा जणांनी शपथेवर सांगायचं, फुल्क कधी जन्मला आणि ते कशावरून लक्षात राहिलं.

त्या बारांतल्या वायमंडला आठवायची गरज नव्हती. एकवीस वर्षांपूर्वी संत ल्यूकच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आपली तान्ही पोर, इडोनिया, पुरली. पाद्रीबाबा त्याच चिखलाच्या पायांनी चर्चमध्ये गेले आणि त्यांनी फुल्कचा बाप्तिस्मा केला. संध्याकाळी गढीवरच्या बाया दारात आल्या. मालकिणीला दूध नव्हतं. वायमंडच्या बायकोला, हॉईजला, होतं. इडोनियाचं दूध फुल्क प्यायला.

"तिचं नाव घ्या हं तिथे," हॉईज म्हणाली. "कारकून सगळं लिहून घेतो म्हणे. राजाच्या दप्तरात ठेवतात."

"ठेवतात."

"म्हणजे कुठेतरी राहील. इथे तर तिच्या जागेवर आणखी दोघांना पुरलंय."

अमलदार यायच्या आदल्या दिवशी फुल्कचा कारभारी रॅनल्फ याने बाराही जणांना धान्याच्या कोठारात बोलावलं. रॅनल्फ नाकात बोलायचा आणि प्रत्येक वाक्य शिंकेसारखं संपवायचा.

"ऐका! मागे एका गावात बाराच्या बारा जणांचे पाय साक्षीत एकाच दिवशी मोडले होते. अमलदार इतका हसला की वारसाला हात हलवत परत पाठवलं! म्हणून प्रत्येकाचं वेगळं. एकाने घोडा घेतला, एकाचं लग्न, एकाच्या घराला आग. हॅमो, तू मुलगी पुरलीस."

हॅमो गिरणीवाला. ना बायको, ना मूल.

वायमंड उठला. "कारभारी, ते माझं आहे. खरंच आहे ते."

"खरं? अरेरे!" रॅनल्फने कपाळ चोळलं. "आधी बोलायचं नाही का, बाबा? याद्या कारकुनाकडे गेल्या! आणि या हॅमोला एवढंच पाठ होतंय, घोड्याचं दिलं तर गाढव म्हणत होता. एका दिवशी दोन मुली पुरल्या तर संशय येईल. तू हुशार आहेस. तू छपरावरून पडलास."

कोठारात हशा पिकला. "वायमंड आणि पडला? त्यापेक्षा चर्चचा मनोरा पडला म्हणा!"

वायमंडने घरी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी हॉईज बायांबरोबर चर्चमध्ये मागे उभी राहिली.

अमलदार जांभया देत ऐकत होता. हॅमोने पाठ केलेलं धडाधड म्हणून टाकलं, "त्याच दिवशी मी माझी मुलगी पुरली हुजूर म्हणून लक्षात आहे हुजूर."

"नाव काय मुलीचं?"

हे कुणी पढवलं नव्हतं.  गावातल्या मेलेल्या पोरींपैकी हॅमोला एकच आठवली, शेजारची.

"इ... इडोनिया, हुजूर."

आणि म्हणताना त्याला खरोखरच रडू आलं. कारकुनाची लेखणी कुरकुरली.

वायमंडची पाळी आली. त्याने खरं सांगितलं तर हॅमो खोटा, हॅमो खोटा तर बाराही खोटे. पालकाचा माणूस खांबाला टेकून अशा चुकीचीच वाट पाहत होता. समोर फुल्क मुठी आवळून उभा होता.

"मी घर शाकारत होतो, हुजूर," वायमंड म्हणाला. "छपरावरून पडलो."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. अमलदाराची जांभई अर्ध्यावर थांबली. "हसायला काय झालं?"

 वायमंड आपल्या धडधाकट पायांकडे पाहू लागला.

"पडले होते, हुजूर," मागून हॉईजचा आवाज आला. "मीच उचलून घरात नेलं."

"बाईला कुणी विचारलं?" अमलदार खेकसला, पण त्याने हाताने कारकुनाला खूण केली. लिही.

दुपारी फुल्कला जमीन मिळाली. गढीवर बिअरची पिंपं उघडली. हॅमो टोपी चुरगाळत वाटेत आडवा आला. "वहिनी, तोंडातून निघून गेलं हो..."

"लिहिलं ना त्याने?"

"लिहिलं."

"नीट लिहिलं?"

हॅमोला वाचता कुठे येत होतं. तो नुसता मान हलवत राहिला. हॉईज पुढे निघाली. वायमंड तिच्या मागून चालत होता. तो म्हणाला, "हॅमोची मुलगी म्हणून लिहिलं असेल."

"नाव तर तिचंच आहे ना," हॉईज मागे न वळता म्हणाली.