बरोबरी झाली आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले

आधी एक दुरुस्ती. मागच्या पोस्टमध्ये मी ठामपणे लिहिलं होतं की विधानसभेच्या अध्यक्षाला मतच नसतं. असतं... दोन्ही बाजूंना सारखी मतं पडली तर. हे मला परवा लालबागला, आमच्या चाळीच्या सभेत कळलं. तेही खुर्चीत बसल्यावर.

चूक माझी, पण शिकवण पप्पांची. लहानपणी घरात वाद झाला की ते मला स्टुलावर बसवून अध्यक्ष करायचे. अध्यक्षाने बाजू घ्यायची नाही, सगळ्यांना पाळीपाळीने बोलू द्यायचं. बरोबरी झाली की निकाल मात्र पप्पाच द्यायचे... त्यामुळे तो नियम त्यांनी मला कधी शिकवलाच नाही!

चाळीचे अध्यक्ष सध्या गावी गेलेत. माझी पोस्ट वाचून सगळ्यांनी मलाच खुर्चीत बसवलं. ही मत देणार नाही, म्हणजे कुणालाच धोका नाही.

विषय एकच. तिसऱ्या मजल्यावरच्या सुमनकाकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, नंतर जिना चढणं बंद. दोन महिने त्यांना तळमजल्यावरची कॅरमची खोली द्यायची का?

कॅरमवाल्यांचे पुढारी गण्याकाका. "अध्यक्ष महोदया, मी सभात्याग करतो!" म्हणत उठले, आणि समोरच स्वतःच्या घराच्या दारात उभे राहून आणखी जोरात ओरडायला लागले. त्यांचा एक शब्द मी कामकाजातून काढून टाकला. आई म्हणाली, "अगं, अख्ख्या चाळीने ऐकला तो. काढलास कुठून?"

हात वर झाले... बरोबरी. कुणीतरी मोबाइलवर नियम शोधून मोठ्याने वाचला, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी कशीबशी म्हणाले, "सभा रविवारपर्यंत तहकूब."

"पळाली रे!" दारातून गण्याकाका.

दुसऱ्या दिवशी काकू जिन्यात भेटल्या. कठड्याला धरून उभ्या, धाप लागलेली. मी विचारलं, काकू, तुम्ही हात का नाही वर केलात? तुमच्या एका मताने काम झालं असतं.

"माझ्याच कामाक मी हात कसो वर करू गो? बरा दिसता काय ता?"

मी तिथेच पायरीवर बसले. हात खाली ठेवायला काकूंना केवढं सोडावं लागलं... मला काहीच नाही.

मग घरी येऊन नीट वाचलं. रीत अशी, की अध्यक्षावर मत द्यायची वेळ आलीच, तर ज्याचा पुढे फेरविचार करता येईल अशा बाजूने द्यावं. खोली दोन महिन्यांनी कॅरमला परत देता येईल. गुडघा एकदा बिघडला की बिघडला.

गण्याकाका काही दिवस माझ्याशी बोलणार नाहीत, हे धरूनच चाललेय. पण काकूंची मी आभारी आहे... निःपक्षपाती कसं असावं, ते त्या कठड्याला धरून दाखवून गेल्या.

ऑपरेशन सोमवारी आहे. मी मत देणार, येत्या रविवारी, सकाळी अकराच्या सभेत.