चुडामणची पाटी

आमच्या गावाला मेलेल्या माणसाचा फार पुळका. जिवंतपणी म्हातारीला एक धड पातळ घेणार नाहीत. मेली की माहेरची, विहिणीची, भाचेसुनेची, सगळ्यांची साडी तिच्या अंगावर चढते. सोयरे खापरहून येवोत की नवापूरहून, माल तोच: बाजारातलं सगळ्यात स्वस्त, चकचकीत नायलॉन. कोणाची साडी भारी, याची कुजबुज चितेशेजारीच चालते.

हा माल जाळतो चुडामण. तापीकाठच्या आमच्या स्मशानात तो पालिकेच्या रोजंदारीवर चिता रचतो. तो काळा धूर पिऊन त्याची छाती भात्यासारखी वाजते. डॉक्टरांनी बजावलं, या धुरापासून लांब राहा, नाहीतर फार काळ काढणार नाहीस. लांब कुठे राहणार? त्याने एकच मागणं धरलं: अग्नी देण्याआधी साड्या उतरवाव्यात, आणि तशी पाटी फाटकावर लावावी.

गजराबाई गेल्या तेव्हा चिता दिसतच नव्हती, नुसत्या साड्या. चुडामण त्यांच्या मुलाला, हिंमतरावांना, हात जोडून म्हणाला, "आबा, पयले ह्या साड्या काढी ल्या. हाऊ धूर मन्हा छातीमा बसस."

ज्या हिंमतरावांनी आईला परसातल्या पत्र्याच्या खोलीत टाकलं होतं, ते भडकले. "मन्ही मायन्या साड्यासवर तुन्हा डोळा शे!"

साड्या जळल्या. चुडामण खोकत नदीकडे पळाला, तर लोक म्हणाले, पिऊन आलाय.

हिंमतरावांची तक्रार पालिकेत गेली. पालिकेने कर्मचाऱ्यांसाठी तणावमुक्तीचं शिबिर घेतलं. पंख्याखाली बसलेले पाहुणे म्हणाले, डोळे मिटा, खोल श्वास घ्या. चुडामणने घेतला आणि खोकत खोकत बाहेर गेला. पाहुण्यांनी पुढचा मुद्दा घेतला. या शहाण्यांची मला किळस येते.

बाहेर त्याने पालिकेच्या साहेबांना गाठलं. "साहेब, श्वास ऱ्हाऊ द्या. माले पाटी द्या."

"लावतो," साहेब म्हणाले.

आणि खरंच लावली. पालिकेचा माणूस निळी पाटी फाटकावर ठोकून गेला. चुडामणला वाचता येत नाही, पण विचारायचं काय? मागितली त्याने, म्हणजे त्याचीच. बायकोला, कमलीबाईला, आणून त्याने ती दाखवली.

दुसऱ्या दिवशी नर्मदाबाईंना आणलं, साड्यांखाली गाडून. आम्ही सगळे होतोच. चुडामण ताठ उभा राहिला आणि फाटकाकडे बोट करून म्हणाला, "मी नई सांगस, पालिका सांगस. वाची ल्या."

नर्मदाबाईंच्या जावयाने मोठ्याने वाचलं, "कर्मचाऱ्याने मृताच्या अंगावरील वस्त्रांना हात लावू नये. आदेशावरून."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. जावयाने पिशवीत राहिलेली एक साडी काढून वर टाकली. चुडामणचं बोट अजून फाटकाकडेच होतं.