फाटकात वाजलेले जावई

“यंत्राला सासुरवाडी नसते,” असं मापारी म्हणत, आणि म्हणून झालं की समोरच्याच्या बुटांकडे बघत.

संशोधन केंद्रातल्या कचराघराच्या दारावर त्यांचा सारा जन्म गेला होता. कचराघर म्हणजे उकिरडा नव्हे. प्रयोगशाळांत किरणोत्सारी पदार्थ हाताळताना जे जे माखतं, हातमोजे, बोळे, बाटल्या, फुटक्या नळ्या, ते सगळं पिवळ्या पिंपांत बंद होऊन तिथे येई आणि जाड भिंतींच्या आत मुकाट पडून राही. आत जायला साधं लोखंडी दार होतं. बाहेर यायला मात्र काचेचं फाटक होतं, आणि तिथेच सगळी गंमत होती. फाटकात शिरायचं, दोन्ही पंजे खाचांत घालायचे आणि गप उभं राहायचं. अंगावर काही लागलेलं नसेल तर हिरवा दिवा लागून पुढचं दार उघडे. लागलेलं असेल तर घंटा वाजे आणि दार हलत नसे.

त्या फाटकाबाहेर एका टेबलाशी ते बसत. मापारी हे काही त्यांचं नाव नव्हे. खळ्यावर धान्य मापणाऱ्याला म्हणतात ते नाव कुणीतरी थट्टेनं त्यांना लावलं, आणि अंगाला असं चिकटलं की कुठल्या साबणानं निघेना. घंटा त्यांच्या डाव्या हाताला होती, त्यामुळे डावा कान हळूहळू कामातून गेला होता. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. उजवा आहे की, म्हणत.

कुणी घाईत असलं, कुणाची बस निघत असली, कुणी मोठ्या हुद्द्याचा असला, की त्यांचं आर्जव करी, “मापारी, एवढ्या वेळेला सोडा.” त्यावर ते सासुरवाडीचं वाक्य. लाड हवे असतील तर तिकडे जा, यंत्राकडे मागू नका, असा त्याचा अर्थ. आत एक आणखी जाड भिंतींची खोली होती. ज्या कचऱ्याचा जोर थोड्या दिवसांत आपोआप ओसरतो, तो तिथे ठेवत. कामगार त्या खोलीला माहेर म्हणत. थकून यायचं, निवायचं आणि मग जायचं. मापाऱ्यांनी या दोन शब्दांत अख्खं अणुविज्ञान बसवलं होतं, आणि ते त्यांना पुरत होतं.

घरीही त्यांची तीच तऱ्हा. पाहुणा आला की नजर आधी त्याच्या तळव्यांकडे. बायको म्हणे, “अहो, वरही बघत जा. माणसाला तोंड असतं.” मुलीनं पसंत केलेला मुलगा पहिल्यांदा घरी आला, तेव्हा मापाऱ्यांनी त्याचे दोन्ही बूट उचलून तळ उजेडात धरून पाहिले आणि मग “या” म्हणाले. जावयांनी ते कधी मनातून काढलं नाही. चारचौघांत हसून सांगत, “मामांनी माझा चेहरा लग्नानंतर पाहिला.” पण हसताना दात दिसत, डोळे हसत नसत.

हेच जावई पुढे तपासणी खात्यात गेले, चढत चढत मुख्य तपासनीस झाले, आणि अशा कचराघरांचे नियम त्यांच्याच हातचे निघू लागले. त्यांचा सगळ्यात गाजलेला नियम असा, की फाटक वाजलं आणि कारण सापडलं नाही, तर कचराघराला सील ठोकायचं. मग चौकशी, आणि तिथल्या माणसाच्या माथी तो डाग कायमचा.

मापारी महिनाअखेरीला निवृत्त होणार होते. त्यांच्या पहाऱ्यात धुळीचा कणही चोरून बाहेर गेला नव्हता. एवढा एकच दागिना घेऊन त्यांना घरी जायचं होतं. आणि संध्याकाळी मुलीचा फोन आला.

“बाबा, उद्या हे येतायत तुमच्याकडे. तपासणीला.”

“त्यांना कसं पाठवतात? नात्यातला माणूस.”

“यांनी सांगितलं वरती. तर ते म्हणाले, मग तुम्हीच जा, सासऱ्यावर तुम्ही दया करणार नाही.” मग हळूच म्हणाली, “बाबा, उद्या तरी बुटांकडे बघू नका. हल्ली जरा चिडचिडे झालेत. जिना चढून आले की बोलतच नाहीत कुणाशी.”

मापाऱ्यांनी कबूल केलं आणि सकाळी शब्द पाळला. जावई आले, सोबत चष्मा लावलेल्या सहायक बाई, मागे कचराघराचे साहेब. मापारी मान ताठ ठेवून छताकडे बघत म्हणाले, “या जावईबापू.”

“कामावर तपासनीस म्हणा,” जावई म्हणाले.

“या तपासनीसबापू.”

बाई खोकल्या. तिघं लोखंडी दारानं आत गेले.

तपासणी छान झाली. पिंपांवरच्या खुणा ठळक, झाकणं घट्ट, जमीन आरशासारखी. साहेबांचा चेहरा फुलत चालला होता. शेवटी जावई फाटकात शिरले, पंजे खाचांत घातले, आणि घंटा वाजली.

मापारी टेबलावरून उठले. जावयांना वाटलं, पंजे नीट बसले नसतील. पुन्हा घातले. पुन्हा वाजली. बाई फाटकात आल्या, तर हिरवा दिवा. साहेब आले, हिरवा दिवा. त्या दोघांना मागे घेऊन जावई परत शिरले, आणि घंटेनं असा सूर लावला की जणू तिला माहेरचं कुणी भेटलं.

साहेब पांढरे पडले. मापारी हातातलं मोजणीयंत्र घेऊन लोखंडी दारानं आत आले. त्यांनी जावयांचे हात मोजले. काही नाही. डोकं मोजलं, काही नाही. बूट मोजायला वाकले, तेव्हा वचन आठवून डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांनी मोजले. काही नाही. यंत्र छातीवर आलं आणि कडकड कडकड करू लागलं. सदरा काढला, पिशवीत घातला. सदरा गप्प, छाती वाजतेच आहे. बनियनही पिशवीत गेलं. तेही गप्प. तपासणी खात्याचे मुख्य तपासनीस कागदी झगा घालून उभे राहिले.

“म्हणजे आतून आहे,” साहेब म्हणाले. “श्वासातून गेलं असेल. म्हणजे इथे काहीतरी गळतंय.”

बाईंनी पेन उघडलं. “मग सील करावं लागेल ना, सर?”

जावयांनी झगा गळ्याशी आवळला. ते पिंपांकडे बघत होते. मापारी जावयांकडे बघत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुणाच्या बुटांची आठवण होत नव्हती.

“सील नंतर करू,” साहेब म्हणाले. “आधी सरांना बाहेर कसं काढायचं ते बोला. मापारी, यंत्र बंद करा.”

“यंत्र बंद केलं तर दार उघडत नाही.”

“मग मागच्या लोखंडी दारानं?”

“ते आतल्या बाजूनं उघडत नाही. तुम्हीच बसवून घेतलंय.”

साहेबांनी डोकं खाजवलं. “वाजणारा माणूस बाहेर जाऊ शकत नाही. पण वाजणारा कचरा जातो. बांधून, खूण लावून.”

“मी कचरा नाही,” जावई म्हणाले.

“नाही सर, कागदोपत्री. तात्पुरते.”

“कचऱ्याला वजनाची मर्यादा आहे,” बाई गंभीरपणे म्हणाल्या. “सर बसणार नाहीत.”

“दोन पिंपांत?” साहेब म्हणाले, आणि म्हटल्यावर स्वतःच दचकले.

“शिवाय ओला कचरा चालत नाही,” जावयांनीच सांगितलं, कारण नियम चुकलेला त्यांना ऐकवेना. “पाण्याचा अंश असेल तर आधी सिमेंटमध्ये घट्ट करावा लागतो.”

“माणसात पाणी बरंच असतं,” बाई म्हणाल्या.

“बरंच,” साहेब म्हणाले.

जावई सिमेंटच्या पोत्यांकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते. बसायला खुर्ची आणावी तर आत आलेली खुर्ची पुन्हा मोजून काढावी लागणार, म्हणून साहेबांनी एक रिकामी बादली पालथी घातली. जावई तिच्यावर बसले. कागदी झगा मांड्यांवर फाटला.

“माहेरात शांत आहे,” मापारी म्हणाले. “तिथे भिंतींमुळे बाहेरचं काही मिसळत नाही. नीट मोजता येईल. चला.”

माहेरात दोघंच आत गेले आणि मापाऱ्यांनी दार ओढून घेतलं. फळ्यांवर पिशव्या निवांत पडल्या होत्या. मापाऱ्यांनी मोजणीयंत्र काढलंच नाही. ते पिंपाला टेकले.

“जावईबापू, दवाखान्यात कधी गेला होता?”

जावयांनी झग्याची आखूड बाही खाली ओढून पाहिली, ती पुरेना. कोपराच्या वळणात, सुई टोचते तिथे, एक निळसर डाग होता. आता मापाऱ्यांना तो दिसला, आणि जावयांना कळलं की दिसला.

“परवा,” ते म्हणाले. “हृदयाची तपासणी होती. शिरेतून किरणोत्सारी औषध देतात, मग ते कुठवर पोहोचतं ते बघतात. तेच वाजतंय. वाटलं होतं, आतापर्यंत उतरलं असेल.”

“आणि कुठवर पोहोचलं?”

“सगळीकडे नाही पोहोचलं, मामा. एक नळी तुंबली आहे. शस्त्रक्रिया सांगितली आहे.”

“पोरीला ठाऊक आहे?”

“नाही. खात्यालाही नाही. कळलं तर उद्यापासून टेबलाला बांधतील. आणि ती... ती तर मला पायरीसुद्धा चढू देणार नाही.” जावयांनी वर पाहिलं. “मी गप्प राहिलो तर तुमच्या कचराघराला सील लागेल. माहीत आहे मला. घंटा वाजल्यापासून हाच हिशेब चाललाय डोक्यात. आणि खरं सांगू? एकदा वाटलं, लागू दे.”

“बुटांसाठी?”

“बुटांसाठी.”

मापाऱ्यांनी मान डोलावली, जणू ही मागणी वाजवी होती. बाहेर साहेब बाईंना विचारत होते, की माणसाला खूण लावायची झाली तर ती कुठे चिकटवतात. मापाऱ्यांना आपला दागिना दिसत होता. तो त्यांनी इतकी वर्षं रोज पुसला होता. आणि त्यांना मुलगी दिसत होती, जिन्याच्या वर उभी, खालून येणाऱ्या माणसाची पावलं ऐकत, काय बिनसलंय ते न कळता.

“सील ठोका,” ते म्हणाले.

“काय?”

“लिहा, कचराघर गळतंय. लिहा, म्हाताऱ्याचं लक्ष नव्हतं. मी सही करतो खाली. खात्याला काही सांगू नका हवं तर. पण माझ्या पोरीला आज सांगायचं. मी सोबत येतो. बुटांचा सूड पुरा झाला, असं समजा.”

जावयांनी मान खाली घातली. मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसू लागले. मापाऱ्यांना वाटलं, दुखतंय की काय. पण ते हसत होते, आणि या खेपेला डोळेही हसत होते, जरा ओले होऊन.

“मामा, खोटं लिहायला मला येत नाही. तुम्ही मला लग्नाआधी नीट तपासायला हवं होतं.”

“बूट तर चोख होते,” मापारी म्हणाले.

दोघं बाहेर आले. जावयांनी बादलीवर न बसता, उभं राहून सांगितलं, की गळतंय ते कचराघर नाही, दवाखान्यातलं औषध आहे, आपल्याच छातीत आहे, का दिलं तेही. साहेबांनी इतका मोठा श्वास सोडला की त्यांना स्वतःलाच मोजून घ्यावंसं वाटलं. बाईंनी पेन काही काळ तसंच धरलं, मग लिहिलं. एक दोष मात्र जावयांनी लिहवलाच. आत जाणाऱ्याचं माप घेत नाहीत, म्हणून जे आणलं आणि जे नेलं त्यातला फरक कळत नाही. आत शिरतानाही मोजणी हवी.

“हे बरोबर आहे,” मापारी म्हणाले. त्यांना हे कधी सुचलं नव्हतं. आत येणाऱ्यावर त्यांनी नेहमी फक्त बुटांपुरता संशय घेतला होता.

कारण सापडलं, तरी फाटकाला ते कोण सांगणार? आग लागली तर दार हातानं उघडायची एक किल्ली होती, ती मापाऱ्यांच्या कमरेला. ती त्यांनी आजवर कुलपात घातली नव्हती. नियमाप्रमाणे ती बाहेरूनच फिरवायची. म्हणून आधी मापारी स्वतः फाटकात शिरले, पंजे घातले, हिरव्या दिव्यानं बाहेर पडले आणि किल्ली फिरवली. जावई कागदी झगा आवरत फाटकातून चालत निघाले आणि घंटा कोकलत राहिली. मापारी त्या आवाजात ताठ उभे होते. यंत्राला सासुरवाडी नव्हती हे खरंच होतं. पण जावयांना होती, आणि ती दारात हात पुढे करून उभी होती.

जावई बाहेर आले. दार मागे लागलं. मापाऱ्यांनी किल्ली तशीच काढली, कमरेला लावली, आपला कोट जावयांच्या खांद्यावर टाकला आणि त्यांची बॅग उचलली.

“मामा, बॅग मी घेतो.”

“चढ आहे पुढे. गप चला.”

हातानं उघडलेलं फाटक पुन्हा किल्ली फिरवल्याखेरीज कामाला लागत नाही. साहेब फाटकात शिरून पंजे घालून उभे राहिले, तेव्हा ना दिवा लागला ना घंटा वाजली. त्यांनी काच वाजवली. मापारी जावयांच्या डावीकडून चालले होते, चांगला कान त्यांच्याकडे लावून, आणि बहिरा काचेकडे. साहेबांनी आतला फोन उचलला. तो एकाच ठिकाणी लागत असे. बाहेर मापाऱ्यांच्या टेबलावर फोन वाजू लागला.

बाईंनी चष्मा पुसला आणि पालथी बादली काचेजवळ ओढून तिच्यावर बसल्या. चढावर एक कागदी झगा आणि त्यावर म्हाताऱ्याचा कोट हळूहळू जात होता, मध्ये थांबत होता, पुन्हा निघत होता. दर वेळी तो थांबला की मापारीही थांबत आणि इकडेतिकडे असं बघत, जणू त्यांनाच दम लागलाय. ते वळणाआड जाईपर्यंत साहेब आणि बाई काचेतून बघत राहिले, आणि टेबलावरचा फोन वाजत राहिला.