भावाच्या कॅमेऱ्यातले फोटो

निगडीला बस डेपोजवळ फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या ताई नसत्या, तर आईला माझा भाऊ तिला हवा तसा पुन्हा दिसला नसता. म्हणून आधी त्यांचं सांगतो.

थोरला भाऊ चाकणला कंपनीत होता. मी नववीत शाळा सोडली तेव्हा त्यानंच मला परभणीकडून इकडं आणलं, खोलीत घेतलं, कामाला लावलं. सुट्टीला तो ताईंसोबत लग्नाचे फोटो काढायला जायचा. त्याचा स्वतःचा एक जुना, छोटा कॅमेरा होता. गावी गेला की आईला शेजारी बसवून त्याच्या मागच्या स्क्रीनवर एकेक फोटो दाखवायचा.

मागच्या वर्षी सेकंड शिफ्टला जाताना रस्त्यावर अपघातात गेला तो.

वर्षश्राद्धाच्या आधी आई फोनवर म्हणाली, "त्येचे फोटो आन. पर फोनातले नगंत. त्येच्या कॅमेऱ्यात दाव."

कॅमेरा माझ्याकडं होता, पण कार्ड खराब झालेलं. फोटो मात्र ताईंच्या कॉम्प्युटरवर होते. त्यांनी ते पेन ड्राइव्हवर दिले. मी नवीन कार्ड घेतलं आणि रूममेटनं त्याच्या लॅपटॉपवरून फोटो कार्डात टाकले. भावाच्या नावाचा फोल्डर केला, प्रत्येक फोटोला त्याचंच नाव दिलं. प्रेमानंच केलं पोरानं. कार्ड कॅमेऱ्यात घातलं तर स्क्रीन काळी. एकही फोटो नाही म्हणे.

संध्याकाळी गावची गाडी. भलतंच बटण दाबलं आणि सगळं पुसलं गेलं तर? तशीच निगडी गाठली.

ताई आधी हसल्या. "अरे राव, कॅमेऱ्याला काय माहीत तुझा भाऊ कोण? तो फक्त त्याच्या पद्धतीचे फोटो ओळखतो. माझा एक काढ बघू."

मी काढला. त्यांनी कार्ड कॉम्प्युटरला लावलं. कॅमेऱ्यानं स्वतःचा फोल्डर केला होता आणि फोटोला इंग्रजी अक्षरं नि नंबर दिला होता. ताई भावाचे फोटो त्याच फोल्डरात टाकत गेल्या, नाव पुसून पुढचे नंबर देत गेल्या. एकेक नाव जाताना माझा जीव कासावीस झाला.

"थांबू का?" त्यांनी विचारलं.

"नको. करा."

कंपनीत नंबराशिवाय पार्ट पुढं जात नाही, असं मी मनाला सांगत राहिलो. काही फोटो तरीही उघडेनात. ते ताईंनी साइज कमी करून पुन्हा सेव्ह केले. मग कॅमेऱ्यात भाऊ दिसला, दिवाळीच्या नव्या शर्टात. ताई पाठमोऱ्या झाल्या, काउंटर पुसू लागल्या. काउंटर स्वच्छच होता.

गावी आईनं कॅमेरा मांडीवर घेतला. बटण मीच दाबणार होतो, पण तिनं हात बाजूला सारला. "मला येतंय. त्येनंच शिकवलंय." एका फोटोवर ती थांबली. "बग, हासताना मान कशी वाकडी करतोय." करतोय म्हणाली. बॅटरी संपेपर्यंत तिनं कॅमेरा खाली ठेवला नाही.

ताई, तुम्ही दुकानात एकट्या असता. कधीही अडचण पडली तर हाक मारा, शिफ्ट सोडून येईन. माझ्या आईसाठी केलंत ते एक दिवस नक्की फेडीन.